लग्नाला गेलेली काहील

परभणी

परभणीला कोणी मुद्दाम जात नाही, असे मला माझ्या साडूंनी सांगितले. आणि ते स्वतः परभणीतच वकिली करतात. मी मात्र मुद्दाम गेलो. आमची नाटकमंडळी त्या उन्हाळ्यात बंद पडली होती. मालक 'बंद पडली' असे म्हणत नसत, 'विसाव्याला बसली' म्हणत. आता मंडळी विसाव्याला बसली म्हणजे मीही घरी बसणार, आणि मी घरी बसलो की आमची बायको मला माळ्यावर चढवून जुनी पिंपे खाली काढायला लावणार, हे भविष्य सांगायला ज्योतिषी नको होता. तेव्हा मेहुणीच्या हातचे चार घास खावेत, एकदा मोगलाई डोळ्यांनी पाहावी, असे ठरवून मी पुणे सोडले.

मनमाडला गाडी बदलली की माणूस हळूहळू दुसऱ्या राज्यात शिरतो. पाट्यांवरची अक्षरे उजवीकडून डावीकडे धावू लागतात, खिशातला आपला रुपया परका होतो, आणि शेजारी बसलेला शेतकरी 'अर्ज', 'दस्तूर', 'मुकर्रर' असले शब्द अशा सहजपणे बोलतो, की आपल्याला वाटावे याने तरुणपण दरबारात घालवले. मी राजे, सरदार, वजीर अशा भूमिकांत केस पांढरे केले. पण माझ्याहून अस्सल उर्दू त्या तंबाखू मळणाऱ्या गृहस्थाच्या तोंडी होती, आणि ती तो आपल्या म्हशीच्या दुखण्याविषयी वापरत होता.

मेहुणीने पहिल्याच दिवशी भाकरी आणि येसराची आमटी केली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्यांची पूड. पुण्यात आमटीला गूळ लागतो, इथे आमटीला छाती लागते. मी विचारले, तिखट आहे का. ती म्हणाली, छे, भाऊजींसाठी मुद्दाम बेताची केली. पहिल्या भुरक्याला माझ्या डोळ्यांतून जे पाणी वाहिले, तसे पाणी पुत्रनिधनाच्या प्रवेशात काढण्यासाठी मी वर्षानुवर्षे धडपडलो आहे. साडू शांतपणे आमटीत हिरवी मिरची चुरत होते.

जेवणानंतर मी त्यांना विचारले की या भागात पाहण्यासारखे काय आहे. त्यांनी वकिली पद्धतीने विचार केला आणि काहीच नाही असे सांगितले. मग दात कोरताना त्यांना आठवले.

"म्हणजे एक संग्रहालय आहे गंगाखेडच्या पुढे. पण त्यातही काही नसते."

आता मला सांगा, असे ऐकल्यावर कोणता माणूस घरी बसेल?

गंगेच्या काठी

पिंगळी, मग गंगाखेड, एवढा प्रवास आगगाडीचा. गंगाखेडला साडूंच्या सांगाव्याप्रमाणे ज्ञानोबा नावाचा गडी बैलगाडी घेऊन उभा होता. धिप्पाड, शांत, आणि भेटेल त्याला "कुटं लगन हाय का?" असे विचारणारा. मला वाटले याचे स्वतःचे ठरत असेल. नाही. त्याला दोन मुले होती. त्याला फक्त जेवणे आवडत.

संग्रहालय होते नदीकाठच्या थडी या खेड्यात. गोदावरीला तिथे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गावाच्या कडेला एक दगडी खोली; मोठ्या दुष्काळात सरकारने तिथे धान्य साठवले होते. दारावर पाटी: 'परोपकार-वस्तुसंग्रह'. शाळामास्तरांनी मोठ्या हौसेने रंगवलेले ते नाव गावात एकट्या मास्तरांनाच म्हणता येई. बाकी सगळे त्याला 'मदतखाना' म्हणत. दवाखाना, कारखाना, तसा मदतखाना.

मालकीणबाई म्हणजे गयाकाकू. ज्ञानोबाची चुलती, साठीच्या पुढची, अंगाने काटकुळी आणि आवाजाने मात्र तोफखाना. त्या नव्या नवरीच्या वयात असताना दुष्काळ पडला होता, आणि त्यांच्या सासरच्यांनी याच खोलीसमोर अन्नछत्र चालवले होते. पुढे प्लेग आला, पूर आला, पटकी आली; दर वेळी कुठून ना कुठून मदत आली आणि दर वेळी काही ना काही सामान मागे राहिले. ते गयाकाकूंनी घराघरांतून गोळा केले, वटवाघळे हाकलून खोली झाडली, आणि एकेक वस्तू मांडली. का, असे मी विचारले.

"दोन सुगी बऱ्या गेल्या की भूक इसरती मानसं," त्या म्हणाल्या. "आन् ज्यानं खाऊ घातलं त्याला तर त्याच्याबी आदी इसरतात."

इतके गंभीर बोलून त्यांनी दार उघडले, आणि मी आत पाहिले.

वाचकहो, नायक आजारी पडलेले नाटक मी पाहिले आहे. नायिका पळून गेलेले पाहिले आहे. पण सगळीच्या सगळी पात्रे विंगेत आणि रंगमंचावर फक्त त्यांच्या जागा, असा प्रयोग पहिल्यांदाच पाहिला. जमिनीवर गेरूने आकृत्या काढलेल्या होत्या. हा लांबट चौकोन, हे वेटोळे, आणि मधोमध एक भलामोठा गोल. प्रत्येक आकृतीच्या डोक्यावर मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी.

लांबट चौकोन म्हणजे डोली. आजाऱ्यांना गंगाखेडपर्यंत नेण्यासाठी पटकीच्या साथीत बनवलेली. कुठे आहे? वरच्या आळीतल्या सुनेला बाळंतपणाला माहेरी घेऊन गेली. वेटोळे म्हणजे पुरात माणसे ओढून काढायचा दोर. तो विहिरीत पडलेली बादली काढायला गेला होता. आणि तो भलामोठा गोल?

"ती आमची काहील. अन्नछत्राची. लग्नाला गेली."

काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवतात तसली अवाढव्य कढई. पण त्यांनी 'मुलगी लग्नाला गेली' या सुरात सांगितल्यामुळे मी 'कोणाच्या?' असेही विचारले. तर नदीपल्याडच्या रंगनाथरावांच्या लेकीच्या.

मी म्हणालो, काकू, संग्रहालयात वस्तूंना हात लावू देत नसतात. त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिले.

"मदतीची वस्तू हाय. ती मदतीला नको व्हय?"

तरी काही वस्तू घरी होत्या. एक म्हणजे उंदरांचे पिंजरे, प्लेगातले. त्यातला एक पिंजरा तर रात्रीच वापरात होता, कारण आतला उंदीर मिशा फेंदारून मला पाहत होता. त्याला चिठ्ठी नव्हती. मग टोचणीची सुई, मखमली पेटीत. गावात सुई टोचायला साहेब आले तेव्हा सगळे गाव उसात जाऊन लपले. एकटा हैबती नावाचा गडी पुढे झाला आणि म्हणाला, आमच्या घरच्यांच्या वाटणीच्या सगळ्या मलाच टोचा. तसे चालत नाही, हे त्याला पटवून द्यायला साहेबाला फार वेळ लागला. तोवर हैबतीने तीन ठिकाणी टोचून घेतले होते.

"मग?" मी विचारले.

"मग काय. त्यो बी जगला, घरचे बी जगले. मनून औषद चांगलं हाय."

सर्वांत मानाच्या जागी मात्र लोकरीचे पायमोजे होते. कुठल्याशा थंड देशातल्या दयाळू बायकांनी आपल्याकडच्या उपासमारीची हकीकत वाचली, त्यांचे काळीज द्रवले, आणि त्यांनी गुडघ्यापर्यंतचे मोजे विणून पाठवले. पेटी थडीला पोचली ती ऐन वैशाखात. आधी कोणाला कळेना की ही कसली पिशवी. काहींनी त्यांत बियाणे भरून ठेवले. पोळ्याला कोणी बैलांच्या शिंगांवर चढवले, तर बैल बावचळून दोन दिवस उलटे चालत राहिले. शेवटी गयाकाकूंच्या सासूबाईंनी त्यात दही घालून खुंटीला टांगले, आणि तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत थडीच्या चक्क्याला तोड नाही.

"इचारल्याबिगर कुणाला काई देऊ ने," गयाकाकू म्हणाल्या. "पर दिलं तर टाकू बी ने."

संध्याकाळी त्यांनी मला त्याच चक्क्याचे श्रीखंड वाढले. मी चवीने खाल्ले. माझ्या वाटणीचा मोजा उजव्या पायाचा होता की डाव्या, हे मात्र विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मी निवांत दात घासत असताना पाटलाचा माणूस धावत आला. तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे सर्वांत वरचे अंमलदार, पुढच्या आठवड्यात खोली पाहायला यायचे होते. ते आजच येणार, दुपार कलली की. बरोबर त्यांची कागदपत्रे सांभाळणारे पेशकार.

गयाकाकूंचा चेहरा उतरला, आणि का ते मला ज्ञानोबाने सांगितले. खोली सरकारची. कधीकाळच्या एका तहसीलदाराने तोंडी 'वापरा' म्हटले होते, बस. आता या नव्या पेशकाराच्या मेव्हण्याला कापसाच्या गाठी ठेवायला जागा हवी होती. पेशकाराने वर कळवले होते की, खोली रिकामी आहे, एक म्हातारी तिथे जमिनीवर गेरूने चित्रे काढत बसते. साहेबांना तसेच दिसले, तर खोलीला आजच सरकारी कुलूप. मग डोली कोणाच्या गोठ्यात, दोर कोणाच्या विहिरीवर, काहील कोणाच्या गुऱ्हाळात. वर्षभरात मदतखाना असा काही होता हेही कोणाला सांगता आले नसते.

"काहील आणा," गयाकाकू म्हणाल्या. "काहील बगितली की साहेबाला कळंल. बाकीचं मी तोंडानं सांगते."

ज्ञानोबा बैल जुंपू लागला. त्याच्या चालण्यात संकटाचा लवलेश नव्हता. तो लग्नाला चालला होता. गयाकाकूंनीही ते ओळखले आणि माझ्याकडे वळल्या.

"पाहुणे, तुमी जावा संगं. याला एकट्याला धाडलं तर ह्यो वरातीलाच परत येईल. तुमी नाटकवाले. जरा आवाज लावा."

आता एखाद्या नटाला कोणी 'आवाज लावा' म्हणाले की तो कुठेही जातो. मी जरीचा कोट चढवला, पगडी घातली आणि गाडीत उभा राहिलो. पहिल्या खड्ड्याला बसलो.

गंगेपल्याड

उन्हाळ्यात गंगा तिथे पोटरीभर असते. दोन्हीकडे पांढरी वाळू, आणि वाळूत टरबुजांचे वेल. आमच्याकडे नदीला पाणी नसले की ती ओसाड दिसते. इथे पाणी हटले की माणसे नदीतच शेती मांडतात. एका वाळूवाल्याने गाडी थांबवून आम्हाला टरबूज फोडून दिले, कुठे चाललात विचारले, आणि 'लग्नाला' म्हटल्यावर आणखी एक दिले, नवरीसाठी. नवरीचे टरबूज ज्ञानोबाने वाटेत खाल्ले.

मांडवाजवळ पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत होत्या. आणि मागच्या अंगणात, खणलेल्या चुलीवर, ती बसली होती. काहील! मी अनेक सिंहासने पाहिली आहेत, बहुतेक पुठ्ठ्याची. पण असा थाट एकाचाही नव्हता. चार माणसे आत बसून पत्ते खेळू शकतील असा तिचा घेर. काठाला जाड कड्या. आणि तळाशी लागलेली लापशी खरवडायला दोन बायका जवळजवळ आत उतरलेल्या. म्हणजे जेवण संपले होते. माझे काम सोपे झाले, असे मला वाटले. मी पुण्याच्या माणसासारखा विचार करत होतो.

नवरीचे वडील रंगनाथराव हात जोडून पुढे आले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी लगोलग काहील राखेने घासून घेतली. ती इतकी लख्ख झाली, की माझी पगडी तिच्यात मला उलटी दिसली.

"चला, उचला," मी म्हणालो.

कोणी हलले नाही. रंगनाथरावांनी मांडवाकडे पाहिले, मांडवाने रंगनाथरावांकडे पाहिले. मग नवरीची आत्या, कपाळावर आडवे कुंकू, कमरेला पदर खोचलेला, पुढे आली.

"रिकामी?"

उसने आणलेले भांडे रिकामे परत करत नाहीत, हे मलाही ठाऊक होते. आमच्या आळीत शेजारणीची वाटी परत करताना आमची बायको चिमूटभर साखर घालते. आणि शेजारीण तीच साखर दुसऱ्या दिवशी तिसरीकडे पाठवते. मी ताबडतोब सुचवले की मूठभर ज्वारी टाका, म्हणजे झाले.

आत्याबाईंनी एक मूठ ज्वारी घेतली आणि माझ्यादेखत काहिलीत टाकली. दाणे टणटण उडाले आणि पार कडेला जाऊन एकेकटे पडले. त्या एवढ्या मोठ्या पोटात ते इतके लाजिरवाणे दिसले, की मीच मान खाली घातली.

"बगा आता," आत्याबाई म्हणाल्या. "माजा बाप या काहिलीतलं खाऊन जगला. त्यो जगला मनून आमी भावंडं हाव, आमी हाव मनून ही पोर हाय. हिला असं धाडू?"

निदान तळ झाकला पाहिजे, असे ठरले. तळ झाकायला एक पोते लागणार होते. मग कोणी म्हणाले, कोरडे धान्य कशाला, शुभकार्याची काहील आहे, गोड घालून पाठवू. चूल पुन्हा पेटली. लापशीचा गहू आला, गूळ आला. हे नवऱ्याकडच्यांना दिसले. व्याही सोनपेठकडचे, मिशीचे. ते म्हणाले, तुमच्याकडून तळ, तर आमच्याकडून काठ. त्यांनी गुळाच्या ढेपाच आणवल्या. रंगनाथरावांनी तूप ओतले. व्याह्यांनी त्याहून मोठ्या भांड्याने तूप ओतले. दोन्ही घराण्यांची अब्रू माझ्या डोळ्यांसमोर रटरटू लागली.

ऊन कलत होते. मी चौरंगावर चढलो आणि आवाज लावला. वजिराचे भाषण करतो तसे मी बोललो: तिकडे एक वृद्ध स्त्री एका रिकाम्या वर्तुळाकडे पाहत बसली आहे, वेळ निघून चालली आहे, सत्तेचा घोडा दाराशी येऊन ठेपला आहे! पुरुषांनी माना डोलावल्या. काहींनी डोळे पुसले. नवऱ्याच्या काकांनी मला बाजूला घेतले आणि अदबीने विनवले, की आतल्या बायकांना नीट ऐकू आले नाही, तर एकदा माजघराच्या दाराशी हेच करून दाखवावे.

मी करून दाखवले. दुसऱ्यांदा ते जास्त चांगले झाले, आणि तेवढ्यात लापशी पूर्ण शिजली. ज्ञानोबा वाढप्यांच्या पंगतीतून तोंड पुसत आला. "चला की," तो म्हणाला, "कुणासाठी थांबलाव?"

दहा-बारा जणांनी ती भरलेली काहील गाडीत चढवली, खाली कडब्याच्या पेंढ्या लावल्या, वर धुतलेले धोतर पसरले, आणि मला मागे बसवून एक कडी माझ्या हातात दिली. जणू मी धरली तर ती थांबणार होती. नदीत उतरताना गाडी पुढे कलली, काहील पुढे सरकली, आणि मी तिच्यामागून. चढताना उलट. मधल्या वाळूत चाक रुतले. वाळूवाले धावून आले, त्यांनी खांदा लावला. चाक झटक्याने सुटले तेव्हा मी कडी सोडली नाही, याचा मला अभिमान आहे. पगडीने मात्र मला सोडले. ती धोतराच्या फटीतून सरळ लापशीत गेली.

मी ती काढली. वाळूवाल्यांना द्रोणभर लापशी दिली, कारण त्यांनी खांदा लावला होता. आणि मी पगडी चाटली असे जे परभणीत अजून सांगतात, ते खरे आहे. एवढे तूप वाया घालवणारा मी कोण?

पुन्हा अल्याड

आम्ही पोचलो तेव्हा खोलीसमोर मोटार उभी होती. तालुकदारसाहेब सडसडीत, धुळीने माखलेले, सकाळपासून गावे हिंडून थकलेले. पेशकार मात्र काळ्या शेरवानीत ताजे होते, आणि त्यांच्या हातात नारळाएवढे कुलूप होते. ते कुलूप त्यांनी लपवलेही नव्हते.

आत गयाकाकूंचा तोफखाना चालू होता. साहेब चौकोनाशी उभे होते.

"ये क्या है, बाई?"

"डोली."

"किदर है?"

"बाळंतिणीसंगं गेली. पोरगा झाला मने."

साहेब वेटोळ्याकडे सरकले, वेटोळ्याची हकीकत ऐकून गोलाकडे सरकले. गोलापाशी मात्र त्यांचा धीर सुटला. ते पेशकारांकडे वळून म्हणाले, की कमरा तर खरोखरच रिकामा आहे. पेशकारांनी कुलूप या हातातून त्या हातात घेतले.

त्याच क्षणी आमची गाडी दाराशी आली, आणि आमच्या आधी आमचा वास आत गेला.

पुढचे कोणी घडवून आणले नाही. गावकऱ्यांनी काहील उतरवली, पण भरलेली काहील दारातून आत जाईना, म्हणून ती दारासमोरच ठेवली. वास आळीआळीतून फिरला. गावातली म्हातारी माणसे आधी बाहेर पडली. कोणी बोलावले नव्हते. त्यांनी ती काहील वाफाळताना पाहिली आणि आपापली थाळी घेऊन, एकामागे एक, मुकाट्याने ओळ धरली. लहानपणी जशी धरली असेल तशी. एक बोळकी आजी तर दोन थाळ्या घेऊन उभी होती. दुसरी कोणाची, असे मी विचारले, तर म्हणाली, तेव्हा भावाची धरत होते, हाताला सवय हाय.

मी थट्टेखोर माणूस. त्या वेळी मात्र तिची दुसरी थाळी मी धरली.

साहेबही पाहत होते. "ये क्या हो रहा है?" त्यांनी हळूच विचारले.

गयाकाकूंनाही ठाऊक नव्हते. लापशी कुठून आली, माझ्या पगडीला गूळ का लागला, काहीच ठाऊक नव्हते. पण त्या दचकल्या नाहीत. मी आयुष्यभर पडद्याआडून संवाद ऐकत आलो. अशी वेळ सावरणारी बाई मी पाहिली नाही.

"साहेब, काहील कशी वापरायची ते दाखवायलाय," त्या म्हणाल्या. "बसा. तवा बी साहेब-शेतकरी एकाच ओळीत बसत व्हते."

पेशकार काही म्हणणार होते. साहेब बसले. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हते, हे मागाहून शिपायाने सांगितले. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या ज्ञानोबाला नको म्हटले नाही. तिसऱ्यांदा त्यांनीच थाळी पुढे केली. पेशकार मात्र कुलूप धरून उभेच. त्यांना कोणी आग्रह केला तर ते कुलपाकडे बोट दाखवत, जणू ते मूल होते आणि झोपले होते.

उठताना साहेबांनी जरा संकोचून विचारले, की थोडी बेगमसाहेबांसाठी मिळेल का. गयाकाकू खोलीत गेल्या आणि झाकणाची पितळी कासंडी घेऊन आल्या. आजाऱ्यांच्या घरी जेवण पोचवायची ती अन्नछत्राची कासंडी होती. काठोकाठ भरून त्यांनी दिली. शिपायाने मोटारीतून साहेबांचा डबा आणला, लापशी त्यात ओतली, कासंडी विसळली आणि गयाकाकूंपुढे धरली.

गयाकाकूंनी हात पुढे केला नाही.

शिपायाने पुन्हा पुढे केली. ओळीतले सगळे जेवायचे थांबले. तालुकदारांना भांडे परत करण्याची रीत शिकवणे हे कोणाच्या तोंडचे काम नव्हते. मी म्हणणार होतो काहीतरी. ज्ञानोबाने माझ्या पायावर पाय ठेवला.

साहेबांनी त्या कासंडीकडे पाहिले, मग गयाकाकूंच्या बांधलेल्या हातांकडे. आणि त्यांच्या तोंडावर हसू आले, अगदी लहान मुलाचे.

"हमारी अम्मा बी ऐसाच करते थे," ते म्हणाले. "खाली बर्तन दिये तो मार पडता था."

त्यांनी आपल्या शेरवानीचा एक खिसा पाहिला. त्यात चष्म्याचे घर. दुसरा पाहिला, त्यात रुमाल. शिपायाकडे पाहिले, शिपायाने एक विडी काढून दाखवली आणि परत ठेवली. मोटारीत कागद होते, शाई होती, पण एखाद्या म्हातारीच्या भांड्यात शाई कोण घालतो? साहेब चारी बाजूंना शोधत होते. शोधता शोधता त्यांची नजर पेशकारांच्या हाताशी येऊन थांबली.

त्यांनी नुसता हात पुढे केला. पेशकारांना आधी समजले नाही. समजले तेव्हा त्यांनी ते कुलूप असे दिले, की माझ्या मंडळीतला एकही नट तसे राज्य सोडू शकला नसता. साहेबांनी ते कासंडीत ठेवले. मोठा आवाज झाला. मग दोन्ही हातांनी ती कासंडी त्यांनी गयाकाकूंपुढे धरली, आणि बंदोबस्ताला हे तुमच्याकडेच राहू द्या, खोलीचा लेखी हुकूम मी परभणीहून धाडतो, असे म्हणाले.

गयाकाकूंनी आता हात पुढे केला. कासंडी घेतली, आत वाकून पाहिले, आणि मान वर केली.

"आन् किल्ली?"

किल्ली पेशकारांच्या साखळीला होती. ती सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी तीही कासंडीत पडली. गयाकाकूंनी कासंडी काखेत घेतली, एक थाळी उचलली, तिच्यात डोंगराएवढी लापशी वाढली आणि ती पेशकारांच्या हातात दिली.

"आता बसा," त्या म्हणाल्या. "मगापासून तुमीच तेवडे उपाशी हायेत."